लाइलने मागितलेला जिना

वेल्मा ऑस्टरहाउटने उभा जन्म परक्या गावांत घरं बांधली आणि त्यांतल्या एकाही घराचा दुसरा प्रयोग पाहिला नाही. नेपथ्यकाराची रीतच ती. पहिला प्रयोग झाला की काम संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरायची आणि पुढचं गाव गाठायचं. ओमाहा, लुईव्हिल, रॉचेस्टर, टूसॉन. प्रत्येक ठिकाणी एक थिएटर, थिएटरने पाहुण्यांसाठी भाड्याने घेतलेली एखादी खोली, आणि त्या खोलीच्या फडताळात आधीच्या पाहुण्याने मागे सोडलेली अर्धी सॉसची बाटली. नाटक महिनाभर चालायचं, मग तिने उभं केलेलं घर सुतारच मोडायचे आणि कचऱ्याच्या गाडीत भरायचे. न्यूयॉर्कने तिला कधी बोलावलं नाही. एक लग्न झालं होतं, ते असंच दोन गावांच्या मध्ये कुठेतरी सुटलं. साठी जवळ आली तरी सिरॅक्यूजच्या तिच्या स्वतःच्या घरात भिंतीला एक खिळा नव्हता.

एक गाव मात्र दर वर्षी यायचं. डुलुथ. तिथे तळ्याकाठी धान्याच्या जुन्या कोठाराचं थिएटर केलेलं होतं, 'ग्रॅनरी' नावाचं, आणि लाइल ब्रँडवोल्ड ते गेली कित्येक वर्षं चालवत होता, नाटकंही तोच बसवायचा. उंच, आडदांड, आवाज असा की शेवटच्या रांगेतला डुलकी घेणारा म्हातारा दचकून टाळ्या वाजवेल. नाट्यशाळेतून नुकती बाहेर पडलेली वेल्मा चित्रांची गुंडाळी काखेत मारून दारोदार फिरत होती तेव्हा यानेच तिची चित्रं जमिनीवर पसरून पाहिली होती. बराच वेळ त्यांच्यावर ओणवा राहून म्हणाला होता, "पोरी, तुला दारं कळतात. माणूस कुठून येणार न् कुठून सटकणार, हे ज्याला कळलं त्याला नाटक कळलं. बाकीचं इथं शीक." तेव्हापासून दर हिवाळ्याचं नाटक तिचं.

या वर्षीचं नाटक नवं होतं. दीपगृहाच्या रखवालदाराची विधवा आणि तिच्या दोन मुली. तळं गोठलंय, बोट येत नाही, तिघी एका खोलीत. वेल्माने शरद ऋतूतच सेटचं छोटं मॉडेल करून आणलं. विमानात शेजारच्या खुर्चीवर पट्टा बांधून बसवलं होतं त्या खोक्याला. पुठ्ठ्याची एकच खोली, आणि मागची सबंध भिंत म्हणजे खिडकी. खिडकीपलीकडे काही नाही, फक्त उजेड. लाइल मॉडेलसमोर गुडघे टेकून बसला आणि एक डोळा मिटून आत बघत राहिला.

"जिना नाहीये," वेल्मा म्हणाली. "तूच म्हणालास तसं."

"नकोच. या बायकांना कुठं जाता येत नाही, हेच तर नाटक आहे." मग त्याने वर पाहिलं. डोळे पाणावलेले. "वेल्मा, तू आजवर केलेल्यात हे सगळ्यात चांगलं आहे. मला मस्का लावता येत नाही, तुला ठाऊक आहे."

काम चांगलं झालंय, हे तिलाही ठाऊक होतं. परतीच्या विमानात ती स्वतःशीच हसत होती.

जानेवारीत ती पुन्हा आली तेव्हा खोली रंगमंचावर उभी राहिली होती. ग्रॅनरीचा मुख्य सुतार ऑरिन माकी याने खिडकीची चौकट अशी सफाईने जोडली होती की सांधा शोधून सापडू नये. "काय बाई, पसंत आहे का?" त्याने विचारलं, आणि वेल्माने त्याच्या पाठीत एक धपका घातला. त्या दिवशी नटमंडळी पहिल्यांदाच खऱ्या सेटवर उभी राहणार होती. वेल्मा पाचव्या रांगेत जाऊन बसली. लाइल नेहमीप्रमाणे मधल्या वाटेत उभा, हातात लोणचं घातलेल्या माशांची बरणी आणि काटा.

दुसऱ्या प्रवेशात थोरली मुलगी रागाने आईसमोरून निघून जाते. ती दाराकडे वळली तसा लाइल गरजला, "थांब! तिकडे कुठं? जिन्याने जा!"

नटी थांबली. "कुठल्या जिन्याने?"

"कुठल्या म्हणजे? वर जा, अर्ध्यात वळ, आणि तिथून वाक्य टाक. काल तर केलंस!"

कुणीतरी हसलं. लाइल थट्टेखोर होता, त्यामुळे आधी सगळ्यांनाच थट्टा वाटली. मग त्याने बरणी खुर्चीवर ठेवली, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून हसू विरलं. तो रंगमंचाच्या डाव्या बाजूकडे टक लावून बघत होता, जिथे जाडजूड भिंतीखेरीज काही नव्हतं.

"वेल्मा," तो म्हणाला, "जिना कुठाय?"

वेल्माला जिना आठवला. होता, पण या नाटकात नव्हे. फार वर्षांपूर्वी, खानावळीच्या नाटकात, याच रंगमंचाच्या डाव्या बाजूला तिने लाकडी कठड्याचा वळणदार जिना केला होता आणि लाइलने त्यावर अख्खं नाटक खेळवलं होतं. लोक महिनोन् महिने त्या जिन्याबद्दल बोलत होते. सगळे तिच्याकडे बघत होते. लाइलही बघत होता, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता, धास्ती होती. अंधारात चाचपडणारा माणूस बघतो तशी.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "राहून गेला. करून घेते."

लाइलचे खांदे सैल पडले. "बघ बाई. तुझ्याकडून असं व्हायचं नाही."

सुतारशाळेत ऑरिनने ऐकून घेतलं, कानामागची पेन्सिल काढली, परत कानामागे ठेवली.

"जिना करायला माझी ना नाही. पण चढून माणूस जाणार कुठं? वर मजला नाही. छपराला डोकं आपटून परत यायचं का?"

"अर्ध्यावर वळून बोलायचंय."

"आणि मग?"

"मग खाली यायचं."

"डावीकडं उभा केला तर खिडकीचा हा कोपरा कापावा लागेल." त्याने आवाज खाली आणला. "तुमची खिडकी, बाई."

"काप," वेल्मा म्हणाली.

करवत चालली तेव्हा ती तिथे थांबली नाही. तळ्याकाठच्या पुलाकडे चालत गेली आणि बर्फ फोडत येणारी बोट बघत उभी राहिली. थंडीने गाल बधिर झाले तरी उभी होती. लाइलला जिना दिसेल, तो शांत होईल, त्यातून काहीतरी मार्ग निघेल, अशी ती मनाची समजूत घालत होती.

त्याच आठवड्यात लाइलच्या बायकोचा, डॉटचा, फोन आला. "जेवायला ये गं. जंगली तांदळाचं सूप केलंय. तो आज संध्याकाळी थिएटरच्या देणगीदारांकडे गेलाय, आपण दोघीच."

म्हणजे बोलायचं होतं. डॉट शाळेत गणित शिकवायची. गोल गोल बोलणं तिला जमत नसे. सूप वाढता वाढताच म्हणाली, "जिन्याचं मला कळलं."

"कुणी सांगितलं?"

"त्यानेच. घरी येऊन रागावला होता, वेल्मा जिना विसरली म्हणून. मला माहीत होतं, जिना खानावळीच्या नाटकातला." तिने पळी भांड्यात सोडली. "उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, विसरत जाण्याचा आजार आहे. नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी काही होत नाही, तेही सांगितलं."

वेल्माने विचारलं, "थिएटरला कळवलंस?"

"कळवलं तर दुसऱ्या दिवशी दार बंद. त्याने मला शपथ घातलीये, एवढं नाटक होऊ दे म्हणून. हेच शेवटचं, हे त्याचं त्याला कळतंय गं. रोज नाही कळत, पण ज्या दिवशी कळतं त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसतो." डॉटने तिचा हात धरला. "पहिल्या प्रयोगापर्यंत सांभाळ त्याला. तुझ्यावर त्याचा भरवसा आहे. तू म्हणालीस माझं चुकलं, तेव्हा त्याला बरं वाटलं. तेवढंच कर."

"अगं, पण नाटकाचं काय?"

"नाटकं काय, पुष्कळ होतील," डॉट म्हणाली, आणि मग स्वतःच्याच बोलण्याने खजील होऊन तिने पाव पुढे केला.

वेल्माने हो म्हटलं. नाही म्हणण्यासारखं काही तिच्याजवळ नव्हतंच.

जिना उभा राहिला. ऑरिनने तोही जीव ओतून केला होता, पण त्या उघड्याबोडक्या खोलीत तो लग्नघरात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखा दिसत होता. खिडकीचा डावा कोपरा गेला आणि त्याबरोबर उजेडही लंगडा झाला. थोरल्या मुलीने पायऱ्या चढून, अर्ध्यात वळून वाक्य टाकलं. चांगलं टाकलं. तालीम पुढे सरकली. दोन दिवस बरे गेले.

तिसऱ्या दिवशी लाइल ताजातवाना आला. दाढी केलेली, डोळ्यांत जुनी चमक. मधल्या वाटेतून येता येता तो थबकला.

"हे काय आहे?"

थोरल्या मुलीची नटी पायऱ्यांवरून खाली उतरली.

"हा जिना इथं कुणी आणून ठेवला? अरे, खिडकी! खिडकी कापलीत? कुठल्या गाढवाने कापली?"

रंगमंच-व्यवस्थापक पोरगी वहीत डोकं खुपसून बसली. ऑरिन विंगेत उभा होता. तो एक पाऊल पुढे आला, आणि वेल्माने त्याच्याकडे बघून मान हलवली. नको.

"मी," ती म्हणाली. "मला वाटलं, करून बघावं."

"करून बघावं?" लाइलचा आवाज छताला भिडला. "या बायकांना कुठं जाता येत नाही, हेच तर नाटक आहे! आपण उन्हाळाभर हेच बोललो ना? तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, आणि तू त्याला हे शिंग लावलंस? म्हातारी झालीस का गं? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

तो म्हणत होता ते अक्षर न् अक्षर खरं होतं. असा नेमका, असा लखलखीत लाइल तिने कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. तिला त्या सगळ्या शिव्या खाताना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि आत कुठेतरी वाटलं, आला, परत आला हा. त्याला सांगायचं कसं? ज्या क्षणी तो शाबूत होता त्याच क्षणी त्याला सांगायचं, की जिना मागितलास तेव्हा तू नव्हतास?

"काढते," ती म्हणाली.

"आत्ता काढ."

जिना निघाला. ऑरिनने खिडकीला ठिगळ लावलं, घासलं, रंगवलं. पण मूळचा सांधा आणि ठिगळाचा सांधा यांत फरक असतोच. उजेड मागून पडला की ती रेघ पाचव्या रांगेतून दिसायची. "वेळ असता तर अख्खी भिंत नवी केली असती," ऑरिन म्हणाला. वेळ नव्हता. जिन्याच्या पायी रंगकाम आणि प्रकाशयोजना दोन्ही मागे पडली होती, दिवे लावणारी माणसं सुतारांची वाट बघत बसून राहत होती. नटमंडळींत कुजबुज सुरू झाली होती. कॉफीच्या मशीनपाशी वेल्मा आली की बोलणं थांबायचं.

रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी जोनेल फ्रिट्झने तिला बोलावून घेतलं. जोनेल थिएटरचा कारभार बघायची. चाळिशीची, नीटनेटकी, बोलताना समोरच्याला दुखवू नये म्हणून जपणारी.

"बसा ना, वेल्मा. कॉफी घेणार?"

"नको."

"हे बोलायला मला जड जातंय. पण विश्वस्तांनी विचारलंय, काम एवढं का लांबलं. मला त्यांना काहीतरी सांगावं लागणार." ती टेबलावरच्या पेनाशी चाळा करत होती. "मी सांगितलंय की सेटमध्ये ऐन वेळी बदल झाले. नेपथ्याच्या बाजूने. पुढच्या हंगामात नवं माणूस बघू, असं ते म्हणतायत."

वेल्मा तिच्याकडे बघत राहिली. एक वाक्य बोललं की सुटका होती. जिना मी मागितला नव्हता. बस, एवढंच. ते वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं. मग तिला न्हाणीघरातला तो सोडलेला नळ आठवला, आणि तिने ते गिळलं.

"बरं," ती म्हणाली आणि उठली.

"वेल्मा." जोनेलचा आवाज बारीक झाला. "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"लाइलचं. सगळ्यांनाच माहीत आहे. रंगमंच-व्यवस्थापक रोज संध्याकाळी त्यांना दुसऱ्या दिवसाच्या हालचाली लिहून देते. नट आपापसांत ठरवतात कुणी कुठून यायचं, आणि त्यांना वाटू देतात की त्यांनीच सांगितलं. ऑरिन त्यांची गाडी कुठे लावली ते लक्षात ठेवतो."

वेल्मा दाराची मूठ धरून उभी राहिली. म्हणजे गेला पंधरवडाभर जो तो एकटा आपापला कोपरा सांभाळत होता, आणि ज्याला त्याला वाटत होतं की आपल्यालाच ठाऊक. "मग माझं नाव का घातलंत?"

"कुणाचं तरी घालायलाच हवं होतं. त्यांचं घातलं असतं तर विश्वस्तांनी त्याच दिवशी घरी बसवलं असतं." जोनेलचे डोळे भरून आले होते, आणि वेल्माला त्याचाही राग करता येईना. "तुम्ही चार दिवसांत निघून जाल, वेल्मा. तुम्हाला ओमाहा आहे, टूसॉन आहे. त्यांना हे एवढंच आहे."

तुम्हाला टूसॉन आहे. खोटं तर नव्हतं.

पहिला प्रयोग चांगला झाला. तिघी नटींनी एकमेकींना असं धरून ठेवलं होतं की प्रेक्षकांत खोकलाही ऐकू येत नव्हता. खिडकीमागचा उजेड हळूहळू विझत गेला तेव्हा वेल्मासुद्धा क्षणभर ती रेघ विसरली. शेवटी लाइलला रंगमंचावर ओढून आणलं, लोक उठून उभे राहिले, टाळ्या थांबेचनात. तो हात जोडून उभा होता, आणि आपल्याला हे सगळे इतके का ओळखतात, असा प्रश्न पडल्यासारखा थोडा बुजलेला.

मग बाहेरच्या दालनात गर्दी झाली, चीजचे तुकडे, वाइनचे प्लास्टिकचे पेले. लाइल गर्दीतून वाट काढत वेल्मापाशी आला, तिला कोपऱ्यात घेऊन गेला, कोट अडकवायच्या खुंट्यांच्या मागे.

"वेल्मा, एक विचारू?"

"विचार की."

"मी तुझं काही बिघडवलं का?" त्याने तिचं मनगट घट्ट धरलं होतं. "मला सारखं वाटतंय, तुझं काहीतरी होतं आणि मी ते मोडलं. काय ते आठवत नाही. डॉटला विचारलं तर ती विषय बदलते. तू खोटं बोलत नाहीस. काय केलं मी?"

गर्दीतून कुणीतरी त्याला हाका मारत होतं.

"काही नाही केलंस," वेल्मा म्हणाली.

तो तिचा चेहरा वाचत राहिला, जशी एके काळी तिची चित्रं वाचली होती. तिचं खोटं त्याला दिसलं की नाही, तिला कधीच कळलं नाही. "मग बरं," तो म्हणाला, आणि मनगट सोडलं.

सकाळी विमानतळावर गावचं वर्तमानपत्र पडलं होतं. नाटकाचं तोंडभर कौतुक, दिग्दर्शकाचं अर्धा रकाना. खाली एक ओळ नेपथ्याची: आपल्याला काय व्हायचंय, हे या खोलीचं ठरलेलं दिसत नाही. वेल्माने पान घडी करून खुर्चीवर ठेवलं. शेजारच्या बाईने विचारलं, वाचून झालं का? हो, घ्या ना, ती म्हणाली.

टूसॉनमध्ये उन्हाळा लवकर लागतो. एप्रिलमध्येच सुतारशाळेची दारं उघडी टाकून पंखे लावले होते. वेल्मा शिडीखाली उभी राहून रंगाऱ्याला मातीच्या भिंतीची छटा समजावत होती, तेवढ्यात डॉटचा फोन आला. लाइल मार्चमध्ये थिएटरमधून निवृत्त झाला होता. मोठा समारंभ झाला होता, वेल्माला आमंत्रणही आलं होतं, पण त्या दिवशी तिची इथे तालीम होती.

"काही विशेष नाही गं," डॉट म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता. "सकाळी उठतो, कोट घालतो आणि गाडीत जाऊन बसतो. तालमीला उशीर होतोय म्हणतो. किल्ल्या लपवून ठेवल्यात मी, तर नुसताच बसून राहतो. अजून इकडे थंडी आहे. मी सांगून बघितलं, ऑरिनने येऊन सांगून बघितलं. म्हटलं, तुझं ऐकेल. तुझं नेहमी ऐकायचा. देऊ?"

"दे."

फोन हातातून हातात जाताना खडखडला. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"हॅलो?" तोच आवाज. भरदार, ऐटबाज.

"लाइल, मी वेल्मा. आज तालीम नाहीये. आत जा, ऊब घे जरा."

तो अतिशय अदबीने म्हणाला, "बरं झालं तुम्ही फोन केलात. आम्ही कधीची वाट बघतोय. छप्पर उत्तरेच्या बाजूने गळतंय. माणसं कधी पाठवाल?"

पंख्याचा घरघराट, वरून रंगाऱ्याची शीळ.

"लाइल," ती पुन्हा म्हणाली.

"उत्तरेच्या बाजूने," तो समजुतीने म्हणाला, जसं अडाण्याला सांगावं. "थांबा, बायकोला देतो. घराचं सगळं तीच बघते."

डॉटने फोन घेतला. पलीकडे गाडीचं दार पुन्हा लागलं; तो गाडीतच बसून राहिला असणार.

"तो आत्ता..." वेल्माने सुरुवात केली.

"ऐकलं मी," डॉट म्हणाली.

"मी येऊ का? इथलं संपलं की. मे महिन्यात."

"ये की," डॉट म्हणाली. येऊन काय करणार, असं तिने विचारलं नाही. मग डॉट म्हणाली, "ठेवते, त्याच्यासाठी घोंगडी घेऊन जाते," आणि फोन बंद झाला.

"मॅडम!" शिडीवरून रंगाऱ्याने हाक मारली. "हा हात पुरे, की अजून एक मारू? लवकर सांगा, वाळतंय."

वेल्माने वर पाहिलं. भिंत ओली होती, त्यामुळे खरा रंग दिसत नव्हता.

"मार अजून एक," ती म्हणाली.